निर्मळ बालपणाचा दाखला

मनवाच्या भाजलेल्या हाताला पाचव्यांदा मलमपट्टी झाली, तशी केतकी तिला घेऊन स्मृतिशुद्धी केंद्रात आली.

"आजचं रडणंही पुसाल ना? उद्या शाळेची मुलाखत आहे."

"पुसतो की," केंद्राच्या डबीर मॅडम म्हणाल्या. "पण ताई, तीन वर्षांची पोर पाचव्यांदा तव्याला हात लावते, याचं नवल नाही वाटत तुम्हाला?"

"किती सांगितलं! तिच्या डोक्यात शिरतच नाही हो."

"शिरतं. तुम्हीच दर वेळी इथे आणून काढून घेता."

केतकीने पर्समधून मुलाखतीचं पत्र काढलं. शाळेला निर्मळ बालपणाचा दाखला हवा होता. तपासणीच्या यंत्राला एक दुखरी आठवण सापडली, की प्रवेश बंद. शेजारच्या सोनटक्क्यांचा नातू तर एका इंजेक्शनाच्या आठवणीपायी घरी बसला होता.

"पुसा," ती म्हणाली.

दहा मिनिटांत मनवा हसत बाहेर आली आणि दाखल्यावर शिक्का बसला.

घरी तिने पट्टीकडे कौतुकाने पाहिलं. "आई, हे काय?"

"गंमत," म्हणत केतकीने पोळ्यांसाठी तवा ठेवला आणि कणीक घ्यायला वळली.

निळा जाळ पाहून मनवा हरखली. असलं काही तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. चांगल्या हाताने तिने स्टूल ओट्यापाशी ओढलं.