घरपट्टी वाढवा

"बाजार सावरलाय, म्हणून करवाढ," पोपटराव माइकवर ठणकावून सांगत होते. "मानपाड्याच्या कंपन्यांत पुन्हा दोन शिफ्ट लागल्यात. नवीन रिक्षा घ्यायची तर वेटिंग आहे. लोकांच्या हातात पैसा खेळतोय. मग घरपट्टी दहा टक्क्यांनी वाढली तर बिघडलं कुठं?"

दिवा उपनगरातल्या मैदानात निवडणुकीच्या दोन उमेदवारांना समोरासमोर बसवलेलं. पोपटराव सत्तेतले, तानाजी विरोधातले. ते काय गप्प बसणार?

"सावरला असेल तुमचा बाजार," तानाजी म्हणाले. "मला निवडून द्या. पहिल्याच दिवशी करवाढ रद्द."

टाळ्या पडल्या. कर कमी होणार म्हटल्यावर टाळ्या पडणारच, त्यात काय मोठंसं.

तुळसाने टाळी वाजवली नाही. तिला घरात नळ हवा होता, बस. नऊ वर्षं टँकरमागे हंडे घेऊन धावून तिचे गुडघे कामातून गेलेले. नळाचा अर्ज वॉर्ड ऑफिसातून कालच तिसऱ्यांदा परत आला होता. आज विचारायचंच, असं ठरवून ती आली होती. ती उठली आणि सरळ पुढे गेली.

तानाजींना वाटलं, चला, गाऱ्हाणं मांडायला बाई मिळाली. त्यांनी स्वतःहून माइक तिच्या हातात दिला. "बोला ताई. करवाढीने कंबरडं मोडलं ना?"

"नाही भाऊ. साहेब बोलले ते खरंय. मी मानपाड्यालाच पॅकिंगला आहे. दिवाळीपासून ओव्हरटाइम मिळतोय. दहा काय, वीस टक्के वाढवा. मी भरते."

पोपटरावांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "बघा, याला म्हणतात नागरिक. ताई, सध्या किती घरपट्टी भरता?"

"काहीच नाही."

लोक खो खो हसले. तानाजीही हसले. तुळसाला राग आला, पण तिने आवाज चढू दिला नाही.

"भरायला जाते, तर घेत नाहीत. आमच्या बिल्डिंगला करच लावलेला नाही. कराची पावती नाही म्हणून नळ नाही. वाढवायचा का रद्द करायचा, ते तुम्ही दोघं बघा. पण आधी लावा तरी."

हसू जागच्या जागी थांबलं. मागच्या रांगांतल्या बायका एकेक करून उठल्या आणि तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याही बिल्डिंगांची तीच गत होती.

पोपटरावांनी समजुतीचा सूर लावला. "ताई, नियम समजून घ्या. तुमची बिल्डिंग अनधिकृत आहे. कागदावर तिथं घरच नाही."

तानाजींनी मान डोलावली. अख्ख्या सभेत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

तुळसाने शांतपणे माइक तोंडाजवळ नेला.

"मग रविवारी मत मागायला तुम्ही दोघं कुणाच्या दारात आलेलात?"