लाल चिंधीची काठी

सायकली सुरूच्या बनात लावून आम्ही तिघं वाळूच्या टेकड्यांवरून चालत निघालो, तर समुद्राकडे उतरताना तन्वीचा पाय मुरगळला. मग काय, मी वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीत रोवलेला एक बांबू उपटून तिच्या हातात दिला, त्याची लाल चिंधी तिच्या घोट्याला बांधली आणि म्हणालो, "चला आजीबाई." हसतच परतलो.

सायकलींपाशी एक काका घमेलं घेऊन धापा टाकत आले. "पोरांनो, लाल चिंधीची काठी बघितलात काय? तिथे कासवाची अंडी आहेत, शंभर-सव्वाशे तरी. माझा भाऊ पहाटे खूण करून बोटीवर गेलाय. उधाण यायच्या आत हलवायला हवीत." तन्वीने पाय मागे घेतला, पण त्यांना चिंधी दिसलीच.

ओरडले असते तर बरं झालं असतं रे. आम्ही पळत गेलो, तन्वी लंगडत मागून आली, पण वाऱ्याने भोक बुजवलेलं, आमची पावलंही पुसलेली. मी म्हणालो, इथे. मग म्हणालो, नाही, तिथे. सगळे हातांनी उकरत होतो. पाणी गुडघ्याला लागलं तरी काका हळू आवाजात म्हणत होते, "आठव बाळा, नीट आठव."