एका वाटीसाठी हंडा

बायानं दोन घोट घेतले आणि पेजेची वाटी खाली ठेवली.

"मीठ जास्त झालं?" समोर उकिडव्या बसलेल्या कोंडूनं विचारलं.

"न्हाई."

"मग कमी?"

"न्हाई वो. नगं वाटतंय."

कोंडूनं वाटी उचलून स्वतः चाखली. त्याला बरी लागली. पण बाळंतिणीच्या तोंडाला काय लागतं, ते त्याला कसं कळणार?

वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीत कोंडूसारखा आचारी दुसरा नव्हता. भैरोबाच्या जत्रेचा हंडा चुलीवर चढवायचा तो कोंडूनंच. मीठ मुठीनं, तिखट ओंजळीनं, आणि तरी चव कधी हुकली नाही. पण ते रांधणं उघड्यावरचं, तीन धोंड्यांवरचं, गडीमाणसांचं. घरातल्या चुलीपुढं तो जन्मात पहिल्यांदा बसला होता. पोरगी झाली त्या दिवशी शेजारची सावित्राबाई म्हणाली होती, "बाळंतिणीचं मी रांधून धाडते." कोंडूनं मिशीवर हात फिरवला होता. "मावशी, आख्खं गाव जेवू घालनारा मी. एक बायकू जड हाय व्हय?"

ती जड झाली होती. पेज, मऊ भात, मुगाचं कढण, जे पुढं ठेवावं ते दोन घासांत परत येत होतं. कोंडू चिमटीत मीठ धरी आणि चिमूट भगुल्यावर तशीच थांबे. थोडं टाकी, थोडं परत डब्यात. मग ताट घेऊन बायापुढं बसे आणि निकालाची वाट बघे. निकाल ठरलेला. बाया सुकत चालली. दूध पुरेना. पोरगी रडून रडून लाल व्हायची आणि दमून झोपायची.

चौथ्या दिवशी सावित्राबाईनं पोरीच्या पोटावर हात ठेवला. "आईच्या पोटात गेलं तर हिच्या पोटात जानार. कोंडू, आता तरी मी रांधू का?"

कोंडूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "उद्या पाचवी हाय. उद्याचा दिस मला द्या, मावशी. न्हाई जमलं तर चूल तुमची."

पाचवीला सटवाईची पूजा मांडतात, चार बायका येतात, घुगऱ्या खाऊन जातात. त्या दिवशी मात्र कोंडूनं देवळातला जत्रेचा हंडा डोक्यावर घेतला आणि दारोदार फिरला. "दुपारी जेवायला या. जत्रेवानी शिधा घेऊन या."

"कोंड्या, पोरीची पाचवी काढलीस का लगीन?" एका दारातून बहिरूनं विचारलं.

"भाऊ, मला दोन मान्सांचं मीठ कळत न्हाई, वाडीचं कळतं. तवा वाडीचं रांधतो. त्यातली एक वाटी बायाची."

बहिरूला हसू आवरेना. "एका वाटीपायी वाडी जेवनार! आरं, दर सालाला पाळणा हलू दे मग!"

अंगणात जाळ पेटला. हंड्यात मूग शिजले, लसणाची फोडणी चरचरली आणि खालच्या शेतातल्या माणसांनी माना वर केल्या. कोंडूनं मूठ भरून मीठ टाकलं. ना थांबला, ना चाखलं. एकाला लाकडं सारायला सांगत, दुसऱ्याला शिव्या देत तो हंड्याभोवती नाचत होता. पंगत बसली तसं त्यानं बायाचं ताट सावित्राबाईच्या हाती दिलं आणि स्वतः वाढायला लागला. गर्दीत त्याला दाराकडं वळून बघायलाही फुरसत मिळाली नाही.

थोड्या वेळानं सावित्राबाई रिकामं ताट घेऊन बाहेर आली. "आनिक मागतीया."

ते ताटही रिकामं आलं. कोंडू हातातल्या पळीसकट आत धावला. बाया बोटं चाटत होती. पोरगी अंगावर पीत होती.

"बग! म्हनलं व्हतं ना! आज मीठ जमलं!"

बाया हसली. "मीठ रोजच जमत व्हतं वो. पयल्या दिवसाची पेज तर हेच्यापरीस गोड व्हती."

"मग खाल्ली का न्हाईस?"

"तुमी म्होरं बसून दर घासाला तोंडाकडं बगत व्हता. घास गिळायचा कसा?"

संध्याकाळी कोंडूनं लहान भगुल्यात दोघांपुरता भात टाकला. मीठ घालताना हात थांबला नाही. ताट बायापुढं ठेवलं आणि तो भिंतीकडं तोंड करून बसला.