लॉन्ड्रीतली घरघर

"हे बंद करते गं मी!" घरातल्या लॉन्ड्रीच्या खोलीतून मर्लचा आवाज आला.

पिपला भरवता भरवता ब्रॉन्विनचा चमचा हवेतच थांबला. "नको! मर्ल, थांबा!"

ती धावत गेली. वरच्या फळीवर जुन्या कंप्युटरची पेटी, खाली कपडे वाळवायच्या यंत्रावर त्याचा पडदा. पडदा काळाठिक्कर.

"केला बंद," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर काय ती घरघर! दमेकरी फ्रिज पाळलाय जसा."

ब्रॉन्विनने हात उंचावून पेटीला लावला. गरम होती. मर्लनी नुसता पडदाच बंद केला होता. आतला राउटर, म्हणजे निरोप गुपचूप पुढे पोचवणारा प्रोग्रॅम, चालूच होता. इंटरनेटवर मटनबर्ड या पक्ष्याच्या नावाने लिहिणाऱ्या कुणीतरी तिला तो तसाच बसवायला शिकवलं होतं: "पडद्यावर त्याची खिडकी उघडी ठेवू नकोस. सेवा म्हणून मागे चालू दे. कुणी समोर बसो न बसो, तो चालतो. घरच्यांना वाटेल, कंप्युटर झोपलाय."

"एवढी पांढरीफटक का पडलीस?"

"पिपचे फोटो आहेत त्यात."

"हं." मर्लनी इस्त्री उचलली आणि स्वयंपाकघरात नेली.

साडेनऊ झाले होते. बारा वाजता गावाच्या सभागृहात परिषदेच्या सात सभासदांचं मतदान होतं. सॅमन माशांच्या फार्मला खाडीत आणखी बारा पिंजरे हवे होते. गेल्या उन्हाळ्यात पिप ज्या पाण्यात पाय आपटत खिदळला, त्यावर आठवड्याभरात मेलेल्या माशांचा तवंग आला होता. फार्म म्हणे, दोनचारशे मासे मेले असतील. खऱ्या आकड्यांचा कागद मटनबर्डकडे होता. तो कागद आज येणार होता, अनोळखी कंप्युटरांवरून उड्या मारत, कुणाचं नाव-गाव कुणाला न कळता. पण राउटर मध्येच बंद पडला, तर या जाळ्यात पुन्हा ओळखी जुळायला दोन-तीन तास जात. तोवर मतदान उरकलेलं असतं.

आणि फार्मला सुगावा लागला तर? तिचा नवरा लॅकलन फार्मच्याच बोटीवर होता. मर्लनी तर तिथल्या ऑफिसात बावीस वर्षं काढली होती. निरोपाला मिळालेलं घड्याळ अजून मनगटावर मिरवत होत्या.

मटनबर्ड कोण, हे विचारायचं नाही असा नियम होता. ब्रॉन्विनने मनाशी एक दाढीवाला, धाडसी पोरगा उभा केला होता.

"पिपला घेऊन सभागृहात जाते," मर्ल म्हणाल्या. "बायकांचा लॅमिंग्टन केकचा स्टॉल आहे. आणि फार्मवाल्यांनी पुढची रांग धरायला सांगितलंय."

"त्याच्या एकाच पायात मोजा आहे."

"दुसरा दुधात बुडवला लबाडाने. धुऊन टाकलाय वाळत."

ब्रॉन्विनने त्यांची विणकामाची पिशवी बाबागाडीला अडकवली. "बाप रे! दगड भरलेत का यात?"

"लोकर आहे. तुझ्या लेकाचं डोकं बघ केवढं आहे. टोपीला लागते तेवढी!"

दार लागलं. ब्रॉन्विनने पळत जाऊन पडदा उजळवला. सगळं जागच्या जागी होतं. दहा वाजले. साडेदहा. ती नखं कुरतडत उभी राहिली. अकरा. मटनबर्डचा पत्ता नाही. पकडलं असेल का त्याला?

अकरा वाजून दहा मिनिटांनी चौकट लुकलुकली. कागद आला.

एकसष्ट हजार चारशे मासे! खाली मॅनेजरची सही. ब्रॉन्विन लॉन्ड्रीतच उड्या मारायला लागली.

"आधी पाठव, मग नाच," मटनबर्डने लिहिलं.

तिने कागद सातही सभासदांना धाडला, वर्तमानपत्रालाही. "गेला! सगळ्यांना गेला! पण तुझं काय? तुला शोधून काढतील रे."

"माझी काळजी नको. इथे पुढच्या रांगेत एकेकाचा फोन वाजायला लागलाय. तोंडं बघायला तरी ये."

नियम बियम गेला खड्ड्यात. "तू तिथेच आहेस? मी तुला ओळखणार कशी?"

पडद्यावर एक ओळ उमटली.

"येताना पिपचा मोजा आण. तुझ्या राउटरवर वाळत टाकलाय."