बापाच्या हातचा पट्टा

मुए थाई या थाई मुष्टियुद्धाचा गडी रिंगणात उतरण्याआधी वस्ताद त्याच्या डोक्यावर मंतरलेला पट्टा चढवतो. बुन्सोंग वस्तादाने कोरात शहरातल्या शेकडो गड्यांना तो चढवला. पोटचा मुलगा थन्वा मात्र नट झाला आणि पट्ट्याविनाच राहिला. आज थन्वा सिनेमात बापाचीच भूमिका करत होता. दिग्दर्शकाने फार विनवलं, तेव्हा कुठे म्हातारा पट्टा घेऊन आला.

थन्वा हात जोडून गुडघ्यांवर बसला. "बाबा, लहानपणापासून वाट बघतोय."

"दिसतंय. गुडघे अजून कोवळेच आहेत तुझे." म्हाताऱ्याने आजूबाजूला पाहिलं. "लढतीत मार कोण खाणार?"

थन्वाने बाजूला उभ्या असलेल्या स्टंटवाल्याकडे बोट दाखवलं. "सक. माझ्या जागी तोच उतरतो."



वस्तादाने मुलाला हाताला धरून उठवलं आणि पट्टा सकच्या डोक्यावर चढवला.