कय्यूमभाऊचं नाक

“डोळे मीट, कय्यूम. आता सांग, कुठून येते?”

अब्बांचा तो आवाज व्हॅनखाली पाठीवर पडलेल्या कय्यूमला आज पुन्हा ऐकू आला. लहानपणी अब्बा त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधत, गाडीभोवती फिरवत, आणि पेट्रोल जिथं पाझरतं तिथं बोट ठेवायला लावत. बोट चुकत नसे. पुढं सगळ्या धानोऱ्यात त्याचंच नाव झालं. गाडी दारात आली की कय्यूमभाऊ आधी हुंगणार, मग पाना उचलणार.

पेट्रोलच्या लोखंडी नळीचा गंजलेला तुकडा त्यानं कापून बाहेर टाकला. त्या जागी रबरी नळी बसवली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. टाकलेल्या तुकड्यावर गुंडाळलेली चिंधी बुळबुळीत झाली होती.

“हे काय लावलं होतं रे, विनोद?”

“धावड्याचा डिंक, भाऊ. आपल्या जंगलातलाच.” विनोद उकिडवा बसून खाली डोकावत होता. “हिवाळाभर थेंब नाई गळला. काल हिले माहेरी न्यायचं म्हून गाडी नाल्यावर नेली, घासून घासून धुतली, अन् झाली ना गळती सुरू!”

“डिंक पेट्रोलले भीत नाई बावा, पाण्याले भिते. त्यापरीस लाडू करून ठेवले असते, तं बाळंतपणात बाईच्या कामी आले असते.”

विनोद खो खो हसला. चिंचेच्या सावलीत बसलेली त्याची बायको, रंजीता, हसली नाही. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, तिकडं मुलचेऱ्याकडं. वाट सगळी जंगलातली. पदर नाकाशी धरून ती व्हॅनकडं पाहत होती, जसं कुणी दारात आलेल्या अनोळखी माणसाकडं पाहावं.

कय्यूम बाहेर सरकला. विनोदनं गाडी सुरू केली. पुढच्या सीटखाली इंजिन धडधडलं. नवी नळी कोरडी ठणठणीत. गाडी बंद केली.

“आता एकदा हुंगून सांगा, भाऊ. मंग निघतो.”

कय्यूम वाकला. छातीभर श्वास ओढला. पेट्रोलचा वास येईना. मागं वाळत घातलेल्या मोहफुलांचा येईना, तापल्या मातीचा येईना, आपल्याच हातावरच्या ग्रीसचा येईना. त्या साथीच्या तापात गेलेला वास फिरून आलाच नव्हता. तेव्हापासून तो हुंगल्यासारखं करायचा, मान हलवायचा, आणि डोळ्यांवर नि कोरड्या फडक्यावर काम निभवायचा. आजवर निभलं होतं.

“अजून येते,” चिंचेखालून रंजीता म्हणाली.

“तुले तं शिजत्या भाताचाबी वास सोसत नाई!” विनोद म्हणाला. “म्हैनाभर जीव खाल्ला हिनं, भाऊ. गाडीत बसली का मळमळते, पेट्रोलच येते म्हणे.”

“म्हैनाभर?” कय्यूमचा हात फडक्यावर थांबला. “डिंक तं कालच सुटला ना?”

“तेच तं म्हणून राह्यलो! गळतच नव्हतं अन् हिले वास. माय म्हणे, पोटुशी बाईले असंच होते. तुमी सांगा बरं हिले. तुमचं ऐकन.”

तिनं ऐकलं असतं. कय्यूमभाऊनं एकदा ‘नाई’ म्हटलं, तर त्याच्यापुढं आपलं नाक चालवणारं सगळ्या तालुक्यात कुणी नव्हतं. ती मुकाट्यानं उठली असती, आणि त्या तापत्या इंजिनावरच्या सीटवर जाऊन बसली असती.

कय्यूमनं हात पुसले. खूप वेळ पुसले. मग चिंचेपाशी गेला.

“डोळे मीट, पोरी. आता सांग, कुठून येते?”

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग डोळे मिटले, नाकावरचा पदर खाली सोडला. तिचं बोट हळूहळू उठलं. नव्या नळीवरून पुढं गेलं, दारावरून पुढं गेलं, आणि मागच्या चाकाच्या वर, टाकीपाशी थांबलं. टाकीच्या माथ्यावर, जिथं डोळा पोचत नाही. जिथं या उन्हात थेंब जमिनीवर पडायच्या आधीच उडून जातो.

“अवो, तिले काय विचारता?” विनोदनं चावी बोटात फिरवत दार उघडलं. “तुमचं सांगा ना, भाऊ. तुमाले येते का वास?”

“नाई.”

“पाह्य! म्हटलं होतं ना!” विनोद सीटवर चढला.

रंजीतानं डोळे उघडले. तिनं बाजूची पिशवी उचलली.

कय्यूम तिच्याआधी गाडीशी पोचला. त्यानं दार धरलं आणि दुसऱ्या हातानं विनोदचं मनगट.

“मले कशाचाच येत नाई, विनोद. त्या बिमारीपासून. घरी नूरी कधी करपलेलं दूध पुढं ठेवते, मी चांगलं म्हून पिऊन घेतो. बायको हाय माही, पण तिलेबी नाई सांगतलं.” त्याचा आवाज खाली उतरला. “उतर खाली. टाकी काढतो. तुह्या बायकोले येते.”