जज स्टॅनफिल यांचा राजीनामा

"आभार कसले मानता? पळपुटे होते माझे आजोबा," रूथ म्हणाल्या.

इलाच्या हातातली फुलं हातातच राहिली. ॲन आर्बरहून दोन तास ड्राइव्ह करून ती आपल्या मुलीला, अंतराला, घेऊन इथं आली होती. इला एकोणसत्तर वर्षांची, नुकतीच रिटायर झालेली डॉक्टर. समोरच्या खुर्चीत चौऱ्याण्णव वर्षांच्या रूथ. फेडरल जज ऑर्विल स्टॅनफिल यांची हयात असलेली एकुलती एक नात.

इलानं धीर करून बोलायला सुरुवात केली. तिचे आजोबा प्रल्हाद केळशीकर १९०८ साली मिशिगनला आले. हॉटेलात बशा विसळून शिकले. १९१५ साली त्यांनी नागरिकत्वासाठी अर्ज केला. सरकारी वकिलानं हरकत घेतली, की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, कायद्यात बसत नाही. जज स्टॅनफिल यांनी ती हरकत फेटाळली आणि स्वतः खुर्चीवरून खाली उतरून प्रल्हादचा हात हातात घेऊन म्हणाले, 'आता तुम्ही आमच्यातलेच.'

"आजोबा पुढं सांगलीला परतले. पण शेवटपर्यंत सांगायचे, मला तिथं माणूस समजणारा एक जज भेटला. मी याच देशात चाळीस वर्षं सुखानं राहिले. एकदा तरी तुमच्या घरी येऊन थँक यू म्हणायचं होतं."

रूथ जरा निवळल्या. पण मनातली अढी जुनी होती.

"ऐका तर मग. एका सकाळीत त्यांनी नोकरी सोडली. चौसष्टाव्या वर्षी. सत्तरीपर्यंत थांबले असते तर पेन्शन मिळालं असतं. कागदावर लिहिलं, प्रकृतीच्या कारणास्तव. आणि मी त्यांना पंचाहत्तरीनंतरही लाकडं फोडताना पाहिलंय! आजीनं घरात भाडेकरू ठेवले, लोकांचे कपडे धुतले. गावात बोलायचे, जजनं काहीतरी भानगड केली असणार." त्या थांबल्या. "तुमचे आजोबा परत का गेले?"

हे इलाला सांगायचं नव्हतं.

"नागरिकत्व काढून घेतलं त्यांचं. १९२३ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, की आमचे लोक नागरिक होऊच शकत नाहीत. मग एकेकाला नोटिसा गेल्या." तिनं बॅगेतून अर्काइव्हमधल्या कागदांच्या कॉपी काढल्या. "पण ते रद्द करणारा हुकूम तुमच्या आजोबांचा नाही. त्यावर दुसऱ्याच जजची सही आहे."

अंतरा कागद चाळत होती. ती एकदम म्हणाली, "आई, एक मिनिट. पहिली हिअरिंग जज स्टॅनफिल यांच्यासमोरच लावली होती. हे बघ, नाव टाइप करून मग खोडलंय. थर्ड मार्च, नाइन्टीन ट्वेंटी-फोर."

तारीख ऐकून रूथ ताठ बसल्या.

"तीन मार्च? सोमवार होता तो, आजी नेहमी सांगायची. सकाळी आजोबा नेहमीसारखे कोर्टात गेले. जेवणाच्या आत राजीनामा देऊन घरी आले."

इलाच्या हळूहळू लक्षात आलं. सुप्रीम कोर्टाचा निकाल मोडणं कुठल्याच जजच्या हातात नव्हतं. स्टॅनफिल खुर्चीवर बसून राहिले असते, तर जे स्वतः दिलं ते स्वतःच्याच हातानं काढून घ्यावं लागलं असतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण एका निकालासाठी त्यांचं देणं लागतो. ती उठली आणि नकळत रूथच्या पायांशी वाकली. रूथना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तरी त्यांनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

"आजोबा जाईपर्यंत आजी त्यांना एकच विचारत राहिली, का सोडलंत? आणि ते एकच उत्तर द्यायचे, 'एका माणसाला शब्द दिला होता.'" रूथनी डोळे पुसले आणि त्या हसल्या. "आम्हाला आपलं वाटायचं, तो कुणीतरी बडा माणूस असणार."